तोर्दियाची उजवी बाजू

७ मार्च

अन्सेल्मोला पुरून आलो.

अख्खं गाव लोटलं होतं. वास्को मेकॅनिकनं तोर्दिया स्मशानाच्या फाटकापर्यंत चालवत आणली. करड्या घोडीला आमच्याकडं तोर्दिया म्हणतात आणि आमची कूपे, दोन दारांची शर्यतीची गाडी, त्याच रंगाची आहे, एकोणसत्तरची, तीन कार्ब्युरेटरची. मी रिवाजाप्रमाणं शेवटचा उजव्या सीटवर बसून आलो. फाटकाशी टोपी काढून सीटवर ठेवली, उतरलो आणि दार लावलं. चालक मेला की सोबती त्याच्या गाडीतून असा उतरतो तो कायमचा, परत कुणाच्या शेजारी बसत नाही. आमच्या गावात आधीच्यांनी हे पाळलं, मीही पाळणार.

शर्यतीचे सगळे मोसम मी त्याच्या उजव्या हाताला काढले. तो रस्ता बघायचा. मी तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि मागून कोण येतंय ते बघायचो. काच फोडून आलेल्या दगडानं माझा डोळा गेला, तरी पुढच्या शर्यतीला मी त्याच जागी हजर होतो. तेव्हापासून लायसन नाही आणि नाव पडलं काण्या.

ओदिला, त्याची बायको, रडली नाही. परत निघताना मी तिला म्हणालो, "दोन्या ओदिला, काही लागलं तर सांगा."

ती थबकली. "चाळीस वर्षं नुसतं ओदिला म्हणायचास. नवरा गेला आणि लगेच मी दोन्या झाले होय रे? वर 'सांगा'?"

चारचौघांत बोलली. अहो, मित्राच्या विधवेला दोन्या म्हणून मान द्यायचा नाही तर काय करायचं माणसानं?

१९ मार्च

कंबर धरली आहे. बुटांत पाय घालायला सकाळ गेली. एकटा जीव सदाशिव, कुणाला हाक मारायची! लग्न करायचं राहूनच गेलं, आधी शर्यती होत्या, मग धान्याच्या कोठारावरची नोकरी. रविवारचं जेवण अन्सेल्मोकडं ठरलेलं, त्यामुळं कधी अडलं नाही.

२९ मार्च

आमच्याकडं महिन्याची एकोणतीस तारीख म्हणजे न्योकी, बटाटा आणि कणकेच्या उकडलेल्या गोळ्या. ओदिलानं निरोप धाडला की बटाट्याच्या न्योकी कधी एका माणसापुरत्या होत नाहीत, ये. गेलो. ताटाखाली नोट ठेवायचा रिवाज, तीही ठेवली. अन्सेल्मोची खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती. 

तिच्या बोटांचे सांधे आणखी सुजले आहेत. कणीक तिंबताना उजवा हात मधेच सोडून डाव्यानं दाबत होती. मी म्हटलं, "आण इकडं." तर म्हणे, "तू बस. तुझं तोंड बघ कसं झालंय ते."

मग विषय निघाला. मारिसा, तिची मुलगी, तिला कोमोदोरोला बोलावते आहे. जावई तिथं तेलाच्या विहिरींवर आहे. दक्षिणेतला तो वारा माणसाला उभा सोलून काढतो.

"जाणार तू?" मी विचारलं.

"अजून हो म्हटलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तोर्दिया चालवायची आहे, एलिसेओ. ती मला चालवता येईल अशी झाली, तर मी गावात राहते. नाही झाली, तर माझं इथं काय आहे?"

मला हसू फुटलं. ती गाडी! तिचा क्लच दाबायला घोड्याची मांडी लागते. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना अन्सेल्मोसारख्या रेड्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या.

"म्हणून तर वास्कोला विचारलं," ती म्हणाली. "पॉवर स्टेअरिंग बसवतो म्हणाला. हलका क्लच, पुढं डिस्क ब्रेक, सीटला पट्टे. पण अर्धी गाडी तुझी. तू हो म्हटल्याशिवाय मी एक नट सैल करू देणार नाही."

ते मात्र खरं बोलली. जोडीनं बांधलेल्या गाडीचा कागद एकाच्या नावावर असतो, गाडी दोघांची. डावी बाजू चालकाची, उजवी सोबत्याची. अन्सेल्मोची डावी आता तिच्याकडं आली.

मी म्हटलं, विचार करतो. विचार कसला करायचाय!

२ एप्रिल

झोप नाही. तोर्दियाच्या अंगावर एकही उपरी गोष्ट नाही. छताच्या पट्ट्या आम्ही दोघांनी वेल्ड केल्या. उजव्या दाराचा पोचा शर्यतीत आडव्या आलेल्या एका मेंढीचा आहे, तो आम्ही मुद्दाम ठेवला. देशात अशा किती कूपे उरल्यात? जुन्या गाड्यांच्या क्लबवाले दर वर्षी संचलनात तिला पहिल्या रांगेत लावतात, कारण ती कारखान्यातून आली आणि आम्ही बांधली तशीच्या तशी आहे. आणि हिला त्यात पॉवर स्टेअरिंग हवंय! उद्या म्हणेल पडदे लाव.

वास्कोला जाऊन विचारलं. म्हणाला, "काम स्वच्छ करीन रे, पण स्टेअरिंगचा दांडा अख्खा बदलावा लागेल, आणि स्टेअरिंगचं जुनं चाक नव्या दांड्यावर बसत नाही."

म्हणजे अन्सेल्मोचं चाक जाणार. त्याच्या हातांनी त्या चाकाचं चामडं काळं पडलंय. दोन्ही बाजूंना, तो धरायचा तिथं. ते भंगारात जाणार? शेडच्या मागं गेलो आणि मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसानं असं रडू नये, पण रडलो.

११ एप्रिल

रेल्वे फाटकापाशी एक पांढरी छोटी गाडी आचके देत बंद पडली. मागं ट्रकवाला शिव्या घालतोय. वर पाटी, ड्रायव्हिंग शाळा. आत कोण? ओदिला! मानेपर्यंत लाल झालेली, दोन्ही हातांनी चाक गच्च धरलेलं. मला बघून हात हलवला, गाडी परत बंद पडली.

साठी उलटल्यावर हे खूळ. मी तोंड फिरवून चालू लागलो, पण कोपऱ्यावरून वळून पाहिलं. तिसऱ्या खेपेला चालू करून गेली.

१८ एप्रिल

वास्को आज क्लबात भेटला, तर म्हणे ओदिलानं सीटचं मापही देऊन ठेवलंय. डावी आहे तशी राहू दे, उजव्या सीटला मात्र कमरेपाशी आधार, खाली उंच गादी आणि चढताना धरायला दाराशी मूठ.

"उजवी कशाला? चालवणार तर ती आहे," मी म्हटलं.

वास्को माझ्याकडं बघत राहिला. "तू खरंच काणा आहेस की दोन्ही डोळ्यांनी आंधळा?"

मारिसा बसणार असेल, दुसरं कोण. तिला बाळंतपणापासून पाठीचा त्रास आहे. म्हणजे माझी सीटही उपटणार! माझी टोपी ठेवलेली सीट!

२९ एप्रिल

न्योकी झाल्या. मग ती माते, आमचा कडू पाल्याचा चहा, घेऊन ओसरीवर बसली. हवा गार होती. मी माझ्या पोंचोत गुरफटून बसलो होतो, तिनं शाल घेतली नव्हती. भरून द्यायची, मी प्यायचो, परत द्यायचो, ती प्यायची. एवढं शांत कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मला वाटलं, असंच बसावं.

मग ती म्हणाली, "नेकोचेआला समुद्र बघून किती वर्षं झाली तुला?"

"शर्यतीला गेलो होतो तेव्हा. आणि तेव्हाही पाहिला नाही. तेलाचा दाब बघत होतो."

ती खूप हसली. डोळे पुसत म्हणाली, "चाळीस वर्षं मी मागं राहिले, एलिसेओ. तुम्ही दोघं धूळ उडवत जायचात आणि मी रेडिओला कान लावून बसायचे. गाडी उलटली का, कोण जिवंत आहे. आता मला पुढं बसायचंय. चाक माझ्या हातात हवं, शेजारी ओळखीचं माणूस हवं आणि सावकाश जायचं. वाटेत थांबून एम्पनादा खायच्या. कुणाला हरवायचं नाही."

"शेजारी म्हणजे मारिसा?"

तिनं किटली उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, "समज की तुला बोलावलं. तर तू बसशील?"

मी सरळ सांगितलं. मी टोपी ठेवून उतरलोय, सगळ्या गावानं बघितलंय. सोबत्याचा चालक एकच असतो. अन्सेल्मो वरून बघत असेल, त्याला काय तोंड दाखवू?

"अन्सेल्मोनं मला काय सांगितलं होतं, ठाऊक आहे तुला?"

"मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

तिनं माते भरून पुढं केलं. मी प्यालो आणि परत देताना आभार मानले. आमच्याकडं माते पिताना आभार मानले की झालं, पुरे. तिनं किटली आत नेली ती परत आणली नाही.

घरी आल्यावर वाटलं, अजून एक प्यायला हवं होतं. तहान होती.

६ मे

आज वास्कोच्या शेडमध्ये निकाल लागला. तिनंच बोलावलं होतं. तोर्दियाचं बॉनेट उघडं, नवा दांडा खोक्यात तयार.

वास्को म्हणाला, "बोल बाबा एकदाचं. हो की नाही?"

मी बोललो. बरंच बोललो. म्हटलं, ही गाडी म्हणजे अन्सेल्मो आहे. हिला हात लावायचा तर आधी मला पुरा. बाजारात हव्या तेवढ्या हलक्या गाड्या मिळतात, बायकांनी त्या घ्याव्यात. या चाकावर त्याचे हात आहेत.

ओदिला चाकाजवळ गेली. चामड्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "ही शिवण मी घातली आहे. याच बोटांनी, स्वयंपाकघरात बसून. तुम्ही दोघं दारू पीत होतात. त्याचे हात त्यावर आहेत ते खरं. माझेही खाली आहेतच की."

मला हे ठाऊक नव्हतं. किंवा विसरलो असेन.

"तरी नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"ठीक. अर्धी तुझी आहे." तिनं बॉनेट स्वतः पाडलं. उजव्या हातानं जमेना म्हणून कोपरानं दाबलं. वास्को मदतीला पुढं झाला, तर तिनं त्याला हातानंच अडवलं.

मी जिंकलो. शर्यत जिंकल्यावर भूक लागते, आज जेवलो नाही.

८ मे

वास्को बोलत नाही माझ्याशी. मरो.

२० मे

ओदिलानं कोंबड्या शेजारणीला दिल्या. शिवणयंत्र शाळेला दिलं. मी विचारलं, "एवढ्या लवकर?" तर म्हणे, जूनचा हिवाळा पडायच्या आत गेलेलं बरं.

मी म्हटलं, "मारिसाकडं सुखात राहशील. नातवंडं आहेत."

"हो," ती म्हणाली. "तुला असं वाटतं?"

"कुणालाही वाटेल."

"कुणाला नाही विचारलं मी."

ही बाई सरळ कधी बोलत नाही. काय म्हणायचंय ते म्हणावं ना.

२९ मे

न्योकी नाहीत. भांडी खोक्यांत बांधून झाली आहेत. मी घरी शेवया उकडल्या, चिखल झाला.

४ जून

गेली.

बस सकाळी होती. स्टँडवर आम्ही दोघंच. तिनं निळा कोट घातला होता, केस बांधले होते. तिकीट एका हातात, दुसऱ्या हातात तोर्दियाच्या किल्ल्या. त्या माझ्या मुठीत दिल्या.

"माझी बाजूही तुझी झाली. कागद वास्कोकडं आहे, सही करून ठेवलीय. आता कुणाला विचारायला नको तुला."

मी म्हटलं, "मी तिला जपेन. एक स्क्रू हलणार नाही, ओदिला."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पुन्हा ओदिला म्हणालास, बरं वाटलं."

बसचा दरवाजा उघडला. पायरी उंच होती, मी तिच्या कोपराला हात दिला. ती चढली, वळली आणि वाट बघत उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी उभीच होती. काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. काय, ते सुचेना. शेवटी म्हणालो, "तिकडं वारा फार असतो. कान बांधत जा."

"बरं," ती म्हणाली.

बस वळेपर्यंत उभा होतो. नंतरही होतो. स्टँडच्या झाडूवाल्यानं विचारलं, आजोबा, तुमची बस कुठली?

१३ जून

तोर्दिया माझ्या परसात आली. ताडपत्री घातली. रोज सकाळी काढतो, पुसतो, घालतो. देखणी आहे. करायचं काय तिचं?

२१ जून

वास्को आला. वाइनची बाटली घेऊन आला, म्हणजे भांडण मिटलं. दोन पेले झाल्यावर म्हणाला, "त्या गादीचं माप तिनं कुठनं घेतलं, ठाऊक आहे? तुझ्या अंगातल्या जुन्या कोटावरनं. न्योकीच्या दिवशी तू खुर्चीत घोरत होतास आणि ती टेप घेऊन तुझ्या कमरेपासनं मानेपर्यंत मोजत होती. मी तेवढ्यात दारात आलो होतो. तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं तिनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं? गाव सगळं बघत होतं, गाढवा! अन्सेल्मो इस्पितळात माझ्यासमोर तिला म्हणाला होता, मी गेल्यावर त्या काण्याला एकटा टाकू नको, त्याला शेजारी कुणी लागतं. आणि तू चाक चाक करत बसलास."

मी त्याला घालवून दिलं. बाटली तशीच राहिली.

२२ जून

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे!

मला ती आवडत होती. आजची गोष्ट नाही. अन्सेल्मोनं तिला पहिल्यांदा गॅरेजमध्ये आणलं, हातात चिंचोळी पिशवी, पिशवीत पीच होते, आणि तिनं मला आधी दिला, तेव्हापासून. मग ती त्याची झाली, आणि मी मनाचं ते दार लावून वर कुलूप घातलं. इतकं चांगलं घातलं की आत काय ठेवलंय तेच विसरलो. रविवारचं जेवण मला पुरत होतं. ताटात तिनं वाढलेलं पडायचं, समोर माझा मित्र असायचा. कधी वाईट विचार केला नाही, देवाशपथ.

आणि तिनं दार ठोठावलं, तर मी उठून कडी लावली. आतून.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. माझं कर्म तर माझ्याच जिभेवर बसलं होतं.

२४ जून

वास्कोला म्हटलं, खोकं काढ.

"कुठलं?"

"दांडा. क्लच. ब्रेक. गादी. सगळं."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "वरातीमागून घोडं."

"घोडी आहे," मी म्हटलं. "काढ."

३० जुलै

क्लबवाले आले होते, तिघं. बातमी लागली त्यांना. तोर्दिया जॅकवर, पुढची चाकं उतरलेली, जुना दांडा जमिनीवर. अध्यक्षांनी हॅटच काढली, मढ्यापुढं काढतात तशी.

"एलिसेओ, तू? तू करशील असं स्वप्नातही वाटलं नसतं!"

"हो."

"आता ही पहिल्या रांगेत नाही राहायची. खरं तर संचलनातच नाही."

"नका घेऊ."

"अन्सेल्मोला काय वाटेल?"

त्यावर मी हसलो. मला आवरेना. ते समजले मी वेडा झालो, आणि घाईघाईनं गेले.

जुनं चाक वास्कोनं माझ्या हातात दिलं तेव्हा मात्र मी ते छातीशी धरून खालीच बसलो. अन्सेल्मो गेला त्या दिवशीही असा बसलो नव्हतो. मी त्याला मनात म्हणालो, लेका, तूच सांगितलं होतंस ना तिला? मला का नाही सांगितलंस? शेजारी एवढी वर्षं बसलो होतो.

५ सप्टेंबर

गाडी झाली. वास्कोनं चालू करून माझ्यासमोर एका बोटानं चाक फिरवलं. लोण्यातून सुरी गेल्यासारखं फिरतं. ती दुखऱ्या हातानं, गप्पा मारत फिरवील. उजव्या सीटवरची टोपी मी उचलून खिशात घातली. गावानं बघायचं तर बघू दे.

शेडमधल्या फोनवरून कोमोदोरोला लावला. वास्को मुद्दाम बाहेर गेला. मारिसानं घेतला, मग ओदिला आली. मागं पोरांचा दंगा आणि वारा. वारा फोनमध्येसुद्धा ऐकू येतो तिकडचा.

मी काही पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, "गाडी हलकी केली. तुझ्या हाताची. उजव्या सीटला आधार लावला. मी बसतो, ओदिला. तू चालव, मी बसतो. नेकोचेआ, नाहीतर कुठंही."

पलीकडं तिनं पोरांना दटावलं. 

"चाक बदललंस?" तिनं विचारलं.

"बदललं."

"अरे एलिसेओ," ती म्हणाली, आणि रडायला लागली. नवऱ्याला पुरताना न रडलेली बाई. मला वाटलं आता येते म्हणेल. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

मग तिनं नाक पुसलं. "ऐक. तुला विचारायला मी माझं सगळं बळ गोळा केलं होतं. वीस वेळा घोकलं होतं. माझ्या वयाची बाई एकदा विचारते. नकार आला की ती स्वतःला समजावते, तिथली माती खणून इथं झाड लावते. माझं लागलंय इथं. छान नाही, पण लागलंय. आता परत उपटलं तर जगणार नाही."

"मी विचारतोय आता. तू नको विचारूस. मी विचारतोय."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "इतकं गोड वाटलं. पण नाही."

पलीकडं एक पोर आजी, आजी म्हणून ओरडायला लागलं. ती म्हणाली, सूप उतू जातंय. कंबर कशी आहे विचारलं. मी बरी आहे म्हटलं. तिनं फोन ठेवला.

बाहेर आलो. वास्को तोर्दियाच्या बॉनेटला टेकून उभा होता, हातात फडकं, तोंडावर लहान पोरासारखी आशा. इतके महिने त्यानं पैशाची गोष्ट काढली नव्हती.

"काय म्हणाली?"

त्याच्या तोंडाकडं बघून मला खरं बोलवेना. म्हटलं, "वसंतात येते म्हणाली. समुद्रावर जायचं म्हणाली."

वास्कोनं फडकं हवेत उडवलं, मला मिठी मारली, आणि सप्टेंबर लागला, वसंत तर आलाच म्हणत चाकांत हवा भरायला लागला. मी त्याला थांबवलं नाही.